गोटी दरवर्षी जड होते

१ मार्च २०२५, शनिवार. पहाटे ०५३०
आजपासून रोजनिशी. रोज लिहायचं आणि खरं तेच लिहायचं. फौजेत अठ्ठावीस वर्षं काढून सुभेदार होऊन आलेला माणूस आहे मी. एका दगडापुढं मान खाली घालणार न्हाई.

मुद्दा असा. गावच्या तालमीपुढं काळ्या दगडाची गोल गोटी आहे. चैत्री पुनवेच्या जत्रेला पोरं ती उचलून छातीला लावतात. पण पहिली उचल आमच्या घराची. आज्याच्या आज्यापासूनचा मान. १९८६ साली, भरतीला जायच्या आधी, मी ती छातीला लावली होती. सगळा गाव साक्षीला होता. मी नोकरीत असताना वडिलांनी, म्हणजे आबांनी, नंतर धाकट्या भावानं मान राखला. भाऊ गुडघ्याच्या ऑपरेशननं बसला म्हणून मागच्या जत्रेला मी पुढं झालो.

गोटी गुडघ्याच्या वर आली नाही. पाठीत चमक भरली ती अजून आहे.

दोन जत्रा लागोपाठ उचल चुकली की मान पुढच्या घरात जातो. पुढचं घर हरिबाचं. हरिबा शाळेपासून माझ्या वाईटावर. गोटी हातातनं सुटली तेव्हा हा जवळ येऊन म्हणाला, असूं दे जोतीराम, घरी जाऊन पाठ शेक. एवढ्या गोड बोलण्यात किती विष असतं ते मला कळतं.

४ मार्च. दुपारी
मोठा दिवस. जेवून आडवा झालो होतो, मोबाइलवर व्हिडिओ लागला. दाट तारे. मोठा तारा मरतो, आतल्या आत बसतो, आणि सूर्याहून जास्त माल सातारा ते कोरेगाव एवढ्या गोळ्यात मावतो. चमचाभर काढला तर डोंगराएवढं वजन. कवचाखाली म्हणे द्रव्य आधी गोळ्यांसारखं, मग शेवयांसारखं, मग पोळीच्या पापुद्र्यांसारखं होतं. त्याच्याही आत काय आहे ते शास्त्रज्ञांना नक्की ठाऊक नाही. त्यातला एक पक्ष म्हणतो, तिथं स्ट्रेंज मॅटर असेल. विचित्र द्रव्य. कोणी बघितलेलं नाही, नुसता तर्क आहे. पण असलंच, तर त्याचा एक गुण असा असू शकतो की साध्या पदार्थाला लागलं की त्यालाही आपल्यासारखं करतं. आणि वाढत जातं.

मी ताडकन उठून बसलो. पाठीत कळ आली तरी बसलो.

१९८६ ला छातीपर्यंत. २०२४ ला गुडघ्यापर्यंत. गोटी दरवर्षी जड होते आहे.

४ मार्च. संध्याकाळी
सौ.ना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. मी म्हणालो, अंगण खरंच वाकडं असू शकतं, कोणी लेव्हल लावून बघितलंय का? त्यांनी भाकरी उलटली.

७ मार्च. सकाळ
पुरावा नंबर एक: साक्षीदार. पारावर बसलेल्या प्रत्येकाला विचारलं, गोटी पूर्वीपेक्षा जड वाटते का? पन्नाशीच्या वरचे सगळे म्हणाले, व्हय, लय जड झालीया. पंचविशीतल्या पोरांना विचारलं तर म्हणाली, न्हाई बा. त्यांना पूर्वीची गोटी माहीतच नाही, त्यांची साक्ष बाद.

हरिबाही पारावर होता. त्याला विचारलं तर तो माझ्याकडं बघत राहिला आणि म्हणाला, जाऊं दे की रं, कशाला जुनं उकरतोस. घाबरलाय.

७ मार्च. १०३०
पुरावा नंबर दोन, आणि हा पहिल्याहून पक्का. माझा अभ्यास चालू होता आणि आई सोप्यात उखळात शेंगदाण्याची चटणी कुटत होती. ठक ठक ठक. आईचं वय पंच्याऐंशीच्या पुढं, पण मिक्सरची चटणी तिला चालत नाही. ते दगडी उखळ बुडाला गोल आहे म्हणून स्कूटरच्या जुन्या टायरात बसवलेलं. शेवटी उठलो आणि आख्खं उखळ दोन्ही हातांनी उचलून मागच्या परड्यात नेऊन ठेवलं. पाठ दुखली नाही, दम लागला नाही. एवढं मोठं दगडी उखळ!

म्हणजे ताकद तीच आहे. माझ्यात फरक नाही. फरक गोटीत आहे.

आई माझ्याकडं बघून हसत होती. म्हटलं, काय झालं? म्हणाली, काय न्हाई, गुणाचा गं माजा बाळ. मग उखळ परत आणून ठेवायला लावलं.

१० मार्च
आता प्रश्न असा की ताऱ्याचं द्रव्य आमच्या गावात आलं कुठून. उत्तर सरळ आहे. आकाशातून पडलं. ते दगडात कोंबलं कुणी? उत्तर देवळात आहे.

गावाबाहेरचं महादेवाचं देऊळ यादवांच्या काळातलं. चुना नाही, माती नाही, दगडावर दगड. खाच आणि खुंटी. सांध्यात केस घालून बघितला, गेला नाही. (सौ.चा केस. माझ्याकडं तो विभाग बंद आहे.) सातशे-आठशे वर्षांपूर्वी ज्यांनी हे केलं, त्या पाथरवटांना काय अशक्य होतं? दगड पोखरायचा, आत द्रव्य ठेवायचं, वर दगडाचंच बूच असं बसवायचं की सांधा दिसू नये. आज आपल्याला बाथरूमची फरशी सरळ बसवता येत नाही.

आमची गोटी ही त्याच कारागिरांची. मी लिहून ठेवतो, माझं नाव निघेल.

१५ मार्च
प्रयोग. साधा माणूस छिन्नीनं दगड गोल करू शकतो का? बाजारातून छिन्नी-हातोडा आणला, ओढ्यातून दगड. सकाळी आठला बसलो.

दुपारी दगड चौकोनी होता. चारला तिकोनी. पाचला डाव्या अंगठ्यावर हातोडा. धाकटी शिवांजली पट्टी बांधायला आली. ती पोलीस भरतीची तयारी करते, अकॅडमीत जाते, घरात धावतच असते. म्हणाली, पप्पा, पाठीनं न्हाई उचलायचं, मांड्यांनी उचलायचं, गोटी पोटाला चिकटवून. मी म्हणालो, बेटा, हा ताकदीचा विषय राहिलेला नाही, हा फिजिक्सचा विषय आहे. आणि तालमीपुढं सरावाला जातेस ते ठीक, पण गोटीला हात लावायचा नाही, आत काय असेल सांगता येत नाही. ती म्हणाली, बरं. तिच्या हाताचे तळवे खरचटलेले दिसले. म्हटलं हे काय? म्हणाली, गोळाफेक.

निष्कर्ष: साध्या माणसाला दगड गोल करता येत नाही. माझा दगड सौ.नी दाराला अडकण म्हणून घेतला.

१९ मार्च. सांगली
एस.टी.नं सांगली. पुष्कर सर कॉलेजात फिजिक्स शिकवतात, माझ्या कर्नलसाहेबांच्या नात्यातले. सदाशिव पेठी चेहरा, पण पोहे चांगले दिले. तासभर ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं: दाट ताऱ्यातलं द्रव्य ताऱ्याच्या दाबाखालीच टिकतं. बाहेर काढलं तर फुटून उधळेल. गोटीएवढं असतं तर जमिनीतून लोण्यातून सुरी जावी तसं खाली गेलं असतं, तालमीपुढं बसलं नसतं. विचित्र द्रव्य दाबाशिवाय टिकेल असं काहींचं गणित सांगतं, पण ते कुठं सापडलेलं नाही. मी विचारलं, म्हणजे नाहीच असं छातीठोक सांगता? ते सभ्य माणूस, म्हणाले, विज्ञानात अगदी शंभर टक्के नाही असं म्हणत नसतात.

झालं. सांगलीचे प्राध्यापक म्हणाले, नाही म्हणता येत नाही.

निघताना त्यांनी विचारलं, सुभेदारसाहेब, वजन केलंय का? मी म्हणालो, ते होईलच. वजन करायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं असं नाही. क्रमानं घेत होतो.

२३ मार्च
वजन झालं. तालमीच्या मंडळाचा अध्यक्ष विश्वजित, वय सव्वीस, याला पटवून गोटी टेम्पोत घातली. चार पोरांनी घातली. हसत घातली, ते वेगळं. रस्त्यावरच्या वजनकाट्यावर आधी भरला टेम्पो, मग रिकामा.

साठ आणि सत्तर किलोच्या मधे.

मी निदान दोनशे धरलं होतं. विश्वजित म्हणाला, काका, आमच्या आजोबांपासून हेच सांगतात, पावणेदोन मण. मी त्याला एकच विचारलं, तू ऊसवाल्याचा पोरगा का कोण? काट्यावर विश्वास ठेवतोस? तीस वर्षं प्रत्येक खेप कमी भरते म्हणून ओरडणारा गाव, आज एकाएकी काटा देव झाला. बाकीचे टेम्पोआड जाऊन हसले.

नोंद: जिथं ऊस हलका होतो तिथं ताऱ्याचं द्रव्य हलकं होणारच.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली, कडुनिंब खाल्ला, आणि तालमीच्या बैठकीत ठराव मांडला. गोटीची शास्त्रीय चौकशी होईपर्यंत पहिली उचल स्थगित ठेवावी, मान आमच्याकडंच राहावा.

मग एकजण म्हणाला, सुभेदार, उचलायची नसंल तर सरळ सांगा की. मला राग आला. म्हणालो, उचलणार. जत्रेत उचलणार, सगळ्यांपुढं. पण आधी माइकवर दहा मिनिटं बोलणार, दगडात काय आहे ते गावाला कळलं पाहिजे.

हे म्हणायचं ठरलेलं नव्हतं. तोंडातून गेलं.

हरिबा मधेच उठून म्हणाला, स्थगितच करा, काय बिघडतं. ह्या माणसाला माझी उचल बघायचीच नाही. त्याला मी हरलेला नको, मी भ्यालेला पाहिजे. त्याच्यासाठी तरी उचलतो.

घरी येऊन सौ.ना सांगितलं. त्या रागावल्या. म्हणाल्या, मान गेला तर जाऊ दे, तुमचा कणा गेला तर मी काय करू? त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, आबांनी मरताना माझा हात धरून सांगितलंय, मान सांभाळ. तो माझ्या हातनं जाणार नाही.

३१ मार्च
निश्चय. रोज पहाटे सराव. जोर पंचवीस, बैठका पन्नास, केळी दोन.

१ एप्रिल
जोर चार. केळी दोन.

२ एप्रिल
केळी दोन.

६ एप्रिल
भाषणाची तयारी. सौ. आणि आई श्रोते. सुरुवात: बंधुभगिनींनो, सूर्य जर कोरेगावात कोंबला तर? आई म्हणाली, कोरेगावात आदीच लय उकडतंय. पुढं शेवयांचा भाग आला तेव्हा तिनं विचारलं, ह्या शेवया कुठल्या गव्हाच्या. तिला मूळ मुद्दा समजावला: आई, माझ्या वेळी गोटी हलकी होती, आता जड झालीय. ती म्हणाली, हलकी हुतीच की. म्हटलं, बघा, घरातलीच साक्ष. ती आणखी काही बोलणार होती, पण मी पुढचं पान घेतलं.

शिवांजली हल्ली संध्याकाळी उशिरा येते. विचारलं तर गोळाफेक म्हणते. एवढा कसला गोळा फेकतात?

१२ एप्रिल, चैत्री पौर्णिमा. सकाळ ०६००
आज. फेटा बांधला. पाठ ठणठणीत. बाम, पट्टा, वर सदरा. गोटीतलं द्रव्य आज दबून असेल, पुनवेला तसं असतं. उचलणारच.

१२ एप्रिल. संध्याकाळी
क्रमानं लिहितो.

भाषण. दहा मिनिटं मागितली होती, सहा झाली. चौथ्या मिनिटाला माइकमधून शिट्टी सुरू झाली. दाट ताऱ्यावर आलो तेव्हा पाळण्याकडची पोरं जवळ आली, गोटीत डोंगराएवढं वजन आहे म्हटल्यावर परत पाळण्याकडं गेली. यादवकालीन कारागिरांपर्यंत पोचलो तसा विश्वजितनं हळूच माइक काढून घेतला. म्हणाला, काका, ऊन व्हायच्या आत उचला.

हलगी सुरू झाली. माती हाताला लावली, आबांचं नाव घेतलं, वाकलो.

गोटी गुडघ्यापर्यंत आली. खरं तेच लिहायचं आहे म्हणून लिहितो, गुडघ्याच्या थोडी खालीच. मग हात आपोआप सुटले. हलगी थांबली. ती थांबली नसती तर बरं झालं असतं. एवढ्या माणसांत मला फक्त आई दिसत होती, खुर्चीवर बसलेली, पदर तोंडाला लावून.

पंच म्हणाले, हरिबा, या पुढं. मी खाली बघत उभा होतो. हरिबाच्या वहाणा दिसल्या. त्या गोटीपाशी येऊन थांबल्या आणि तिथंच राहिल्या.

तेवढ्यात शिवांजली आली. ट्रॅकपँटवर, केस वर बांधलेले. पंचांना म्हणाली, उचल घराची न्हवं? मग मी घरातलीच हाय. गलका झाला. कोणी म्हणालं, तालमीच्या गोटीला पोरगी? कोणी म्हणालं, असं कवा झालं न्हाई. तर हरिबा वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, मान घराचा हाय, बाप्याचा न्हाई. ज्याला अडचण आसंल त्यानं आदी सवता उचलून दावावी.

ती मांड्या वाकवून खाली बसली. गोटी पोटाशी घेतली, मांडीवर चढवली, श्वास घेतला आणि छातीला लावून सरळ उभी राहिली. उभी राहिली आणि माझ्याकडं बघितलं. हलगीवाल्याला पुन्हा वाजवायचं सुचेना.

मान घरात राहिला. मी रडलो. धूळ फार होती.

शास्त्रीय स्पष्टीकरण: माझ्या प्रयत्नात द्रव्याचा जोर संपला असावा. पहिला माणूस सैल करतो, दुसरा उचलतो. बरणीच्या झाकणाचं तसंच असतं. सिद्धांत मागे घेण्याचं काही कारण दिसत नाही.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी सोप्यात पाठ शेकत बसलो होतो. आई उखळात चटणी कुटत होती. मी म्हणालो, काहीही असो, माझ्या वेळी गोटी हलकी होती, ते तूही म्हणालीस.

आई म्हणाली, हलकी हुतीच. ही काय.

आणि मुसळानं उखळावर टकटक केलं.

मला कळलं नाही. मग तिनं कुटता कुटता सांगितलं. शहाऐंशीला मला कावीळ होऊन गेली होती, अंगात नुसती हाडं. भरती महिन्यावर आलेली, आणि मी हट्टाला पेटलेलो की उचल मीच करणार. आबांना पोरगंही मोडायला नको होतं आणि मानही. त्यांनी मेढ्याकडच्या एका जुन्या पाथरवटाकडून हुबेहूब दुसरी गोटी करून घेतली. आतून पोखरलेली, वर दगडाचंच बूच. तेल आणि शेंदूर लावून जत्रेच्या आदल्या दिवशी बदलली, जत्रा झाल्यावर परत बदलली. त्या साली सगळीच पोरं गोटी उचलून खूश, कोणाला शंका आली नाही. मी भरतीला गेलो आणि आईनं बूच काढून गोटीचं उखळ केलं. म्हणाली, एवढा चांगला दगड वाया कशाला घालवायचा.

म्हटलं, बूच? तर म्हणाली, लोणच्याच्या बरणीवर हाय की.

बरणीवरचा दगड आणला. उखळ पुसलं. बूच बसवलं. खट्ट झालं आणि सांधा दिसेना. सौ. बघत होत्या. काखेत कळसा, एवढं म्हणाल्या आणि माझं तोंड बघून पुढचं त्यांनी गिळलं. मी त्यांच्याकडं एक केस मागितला. गेला नाही.

मग उभा राहिलो, मांड्या वाकवून बसलो, पोटाशी धरली आणि छातीला लावली. आली. अगदी तेव्हासारखी. आई म्हणाली, गुणाचा गं माजा बाळ.

एकोणचाळीस वर्षं मी या गोटीतली चटणी खातोय. सियाचीनला डब्यातून नेलीय.

आईला विचारलं, गावात अजून कोणाला ठाऊक आहे? म्हणाली, कुणाला न्हाई. हरिबानं गाडीतनं आणली, तेवढाच. आबांनी त्येला शपत घातली हुती.

११०० वाजता हरिबा आला. शिवांजलीला पेढे घेऊन. म्हणाला, पाठ कशी हाय? मी बरी आहे म्हणालो. सौ.नी ताट केलं. भाकरी, कांदा, आणि त्याच उखळातली ताजी चटणी. मी त्याच्या पुढ्यातच बसलो. उखळ त्याच्या हातभर पलीकडं होतं, बूच उघडं, मुसळ आत. तो खाली बघून जेवत राहिला. आख्ख्या जेवणात त्यानं तिकडं एकदाही बघितलं नाही.

मी त्याला आणखी चटणी वाढली. तो नको म्हणाला नाही.

नोंद: ताकद तीच आहे.